बातमीखालची कविता

छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर छापील पानावर आधी रकान्याच्या तळाशी जाते. बातमी संपते, पण रकाना संपत नाही. चार-सहा ओळींची जागा हमखास उरते. खिळे जुळवण्याच्या काळात ती भरल्याशिवाय फर्मा आवळता येत नसे. तशीच मोकळी सोडली तर खिळे निसटून सगळी जुळणी विस्कटायची. मग ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवून मजकूर विरळ करायचा, नाहीतर वेलबुट्टीचा ब्लॉक बसवायचा, नाहीतर एखादा सुविचार टाकायचा. बेळगावला वडिलांच्या छापखान्यात या कामासाठी सुविचारांची एक वेगळी वहीच होती. मोठा मजकूर कमी पडला की वडील ती उघडत आणि मापात बसेल तो सुविचार माझ्या हाती देत. तो कुणी वाचावा अशी त्यांची अपेक्षा नव्हती. जागा भरली की काम झालं.

१९८१ साली मी बंगळूरला आलो आणि चामराजपेटेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. मराठी आणि कन्नड दोन्ही केसेसवर हात चालत होता, म्हणून काम लगेच मिळालं. तिथे दर आठवड्याला एक साप्ताहिक यायचं. वर्तमानपत्राच्या निम्म्या आकाराची पानं, साधा न्यूजप्रिंट, काळी शाई, जाहिरात एकही नाही. नाव ‘लंकेश पत्रिके’. त्या पत्रात बातमी संपून उरलेल्या जागेत कविता असायची. चार ओळी, कधी सहा, क्वचित आठ. ती ‘नीलू’ नावाच्या एका बाईच्या तोंडची असे. नीलू ही संपादकांनी कल्पिलेली बाई. ती प्रेमाविषयी बोले, नवऱ्यांविषयी बोले, म्हातारपणाविषयी बोले, निवडणुकीविषयीही बोले. वर एखाद्या मंत्र्याच्या जमीनव्यवहाराचा तपशील असायचा आणि खाली नीलू असायची. दोन्हींची शाई एक, टाइप एक.

आमच्या मशीनमनला अक्षरओळख नव्हती. दुपारचा डबा झाला की तो अंक माझ्यापुढे सरकवी आणि म्हणे, “ओदी, स्वामी.” वाचा हो. मी राजकारणाची बातमी वाचू लागलो की तो मधेच थांबवून सांगे, आधी नीलू वाचा. ज्याने पुस्तकातली कविता कधी ऐकली नव्हती, तो माणूस दर आठवड्याला एका कवीच्या ताज्या ओळी ऐकत होता आणि आवडल्या तर पुन्हा म्हणायला लावत होता. पाळ्यद लंकेश या कवी-संपादकाचं सगळं काम मला त्या दुपारच्या वाचनातून कळू लागलं. नंतर त्याविषयी पुष्कळ वाचलं, पण माझं मत तिथेच ठरलं आणि ते आजही तेच आहे. कविता बातमीच्या शेजारी बसवून लंकेश यांनी कवितेला वाचक दिले, हे तर आहेच. त्याहून मोठं हे की ज्यांनी लिहिण्याचा विचारही केला नसता, अशा माणसांना त्यांनी लेखक केलं.

लंकेश यांचा जन्म ८ मार्च १९३५ रोजी शिवमोग्गा जिल्ह्यातल्या कोनगवळ्ळी या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचं. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, आणि नंतर बरीच वर्षं बंगळूरला इंग्रजीचं अध्यापन. कथा, कविता, नाटकं, कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. ‘बिरुकु’ आणि ‘मुस्संजेय कथाप्रसंग’ या त्यांच्या कादंबऱ्या. ‘संक्रांती’ हे बाराव्या शतकातल्या बसवण्णा आणि बिज्जळाच्या काळावरचं नाटक. फ्रेंच कवी बोदलेअरचा ‘पापाची फुले’ हा संग्रह त्यांनी कन्नडमध्ये आणला आणि ग्रीक शोकांतिकाही आणल्या. १९७० साली आलेल्या ‘संस्कार’ या चित्रपटात गिरीश कर्नाड प्राणेशाचार्य झाले होते, तर लंकेश नारणप्पा. म्हणजे ज्याच्या प्रेताला अग्नी कोणी द्यायचा यावर सगळा अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती, अडून बसतो, तो बंडखोर ब्राह्मण. पुढे त्यांनी स्वतः चित्रपट काढले आणि १९७६ च्या ‘पल्लवी’साठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला ही यादी वाचून एकच नाव आठवेल. कवी, नाटककार, चित्रपट-दिग्दर्शक, आणि सरकारला घाम फोडणारा संपादक : आचार्य अत्रे. ‘झेंडूची फुले’ लिहिणारे केशवकुमार, ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवून देणारे दिग्दर्शक, आणि ‘नवयुग’-‘मराठा’चे संपादक हे सगळे एकच गृहस्थ. बंगळूरच्या मित्रांना मी अत्रे समजावून सांगतो ते ‘तुमचे लंकेश’ म्हणून, आणि मराठी मित्रांना लंकेश सांगतो ते ‘आपले अत्रे’ म्हणून. पण हे साम्य काही अंतरापर्यंतच चालतं. अत्र्यांची कविता मुख्यतः विडंबनाची होती आणि त्यांचा मंच होता सभेचा. लंकेश हे नवकवितेत घडलेले कवी. त्यांची ‘अव्व’ ही आईवरची कविता कर्नाटकात शाळा-कॉलेजातून घरोघरी पोचली आहे. तिच्यातली आई देव्हाऱ्यातली नाही. ती शेतात राबणारी, गुराढोरांच्या काळजीत असणारी, भांडणारी, कुठल्याही पुराणातल्या सतीशी जिची तुलना करता येणार नाही अशी बाई आहे. शब्द फुगवायचा नाही, माणूस आहे तसा दिसला पाहिजे, ही त्या कवितेची शिस्त. हीच शिस्त पुढे त्यांच्या साप्ताहिकाच्या बातमीत उतरली.

हा धंदा, म्हणजे कवीने नियतकालिक चालवायचं, बंगळूरला नवा नव्हता. त्यासाठी बसवनगुडीकडे बघावं लागतं. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतली दाटी कमी करायला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती आखल्या गेल्या. बसवनगुडीत रुंद रस्ते, झाडं, नंदीचं देऊळ, आणि मधोमध गांधी बाजार. १९४३ पासून तिथे ‘विद्यार्थी भवन’ आहे. त्याच्या मसाला डोशासाठी आजही सकाळी लोक दारात नंबर लावून उभे असतात. कन्नड लेखकांच्या दोन-तीन पिढ्या या परिसरात राहिल्या, फिरल्या, भांडल्या. लंकेश यांच्या साप्ताहिकाचं कार्यालयही इथेच, बसवनगुडीत होतं.

या परंपरेतलं पहिलं मोठं नाव डी. व्ही. गुंडप्पा. कर्नाटकात त्यांना ‘डीव्हीजी’ म्हणतात. जन्म १८८७, मुळबागिलचा. ‘मंकुतिम्मन कग्ग’ हा त्यांचा १९४३ चा ग्रंथ म्हणजे चार-चार ओळींच्या पद्यांचा मोठा संग्रह, आणि तो कानडी घरात तुकोबांच्या गाथेच्या अधिकाराने उद्धृत होतो. हेच गुंडप्पा तरुणपणी ‘कर्नाटक’ नावाचं पत्र चालवत होते आणि म्हैसूर संस्थानच्या कारभारावर, लोकप्रतिनिधित्वावर लिहीत होते. त्यांचं दैवत होतं आपले नामदार गोखले. त्यांनी गोखल्यांचं चरित्र कन्नडमध्ये लिहिलं आणि १९४५ साली गोखल्यांच्याच नावाने सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था काढली. बुल टेंपल रस्त्यावर ती आजही उभी आहे. पुण्याचा माणूस बसवनगुडीत हिंडताना त्या पाटीपाशी थबकतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरे मास्ती व्यंकटेश अय्यंगार. ते कथाकार म्हणून जास्त ओळखले जातात, पण कवीही होते. म्हैसूर सरकारच्या मोठ्या हुद्द्याचा १९४३ साली राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षापासून ‘जीवन’ हे मासिक सुमारे दोन दशकं सांभाळलं. ते गवीपुरात राहत आणि संध्याकाळी बसवनगुडीच्या क्लबात पत्ते खेळायला जात. १९८३ चं ज्ञानपीठ ‘चिक्कवीर राजेंद्र’ कादंबरीसाठी त्यांना मिळालं. गुंडप्पा आणि मास्ती यांच्यात एक गोष्ट समान होती. नियतकालिक चालवणं हा त्यांना लेखकाच्या मुख्य कामात येणारा अडथळा वाटला नाही. समाजाशी बोलायचं तर दर महिन्याला, दर आठवड्याला बोलावं लागतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

तिसरं नाव गोपालकृष्ण अडिग, आणि इथे आपण आधुनिक कवितेत येतो. जन्म १९१८, दक्षिण कन्नड भागातलं मोगेरी. इंग्रजीचे प्राध्यापक. १९५४ साली त्यांचा ‘चंडे मद्दळे’ संग्रह आला. यक्षगानातल्या दोन वाद्यांचं नाव त्याला आहे. कन्नडची ‘नव्य’ कविता तिथून सुरू झाली असं मानतात. १९५९ साली ‘भूमिगीत’ आला. मराठीत मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’ने जे केलं, ते कन्नडमध्ये अडिगांनी केलं : गोड गळा बाजूला ठेवला आणि शहराचा, पोटाचा, संशयाचा खडबडीत आवाज कवितेत आणला. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांनी नियतकालिक चालवलं नाही, त्यांच्या वाटेने येणाऱ्यांसाठी घर बांधायला त्यांना आयुष्यही मिळालं नाही. अडिगांना मिळालं. १९६२ साली त्यांनी ‘साक्षी’ हे त्रैमासिक सुरू केलं. नव्य पिढीतल्या कवी-कथाकारांची कविता, कथा, समीक्षा त्यात येऊ लागली. अंक मोजक्या प्रतींचा, वाचक मोजके, पण पुढच्या वीस वर्षांच्या कन्नड साहित्यातली बरीच नावं आधी तिथे उमटली. आपल्याकडे पु. शि. रेग्यांनी ‘छंद’ चालवलं, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांनी ‘सत्यकथा’ वाढवली. ‘साक्षी’ त्याच कुळातलं.

लंकेश या घरात वाढले. १९७० साली त्यांनी ‘अक्षर होस काव्य’ हा नव्या कवितेचा निवडक संग्रह संपादित केला. हेग्गोडूच्या के. व्ही. सुब्बण्णा यांच्या अक्षर प्रकाशनाने तो काढला. संपादक म्हणून लंकेश यांचं पहिलं मोठं काम हे. पण त्याच सुमाराला अडिग आणि त्यांच्याभोवतीचे तरुण यांच्या वाटा फुटू लागल्या. १९७१ साली अडिग जनसंघाच्या पाठिंब्यावर बंगळूरमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. तरुणांतले बरेचजण समाजवादी विचाराचे होते, लोहियांना मानणारे. पाठोपाठ आणीबाणी आली, दलित चळवळ उभी राहिली, आणि मोजक्या वाचकांच्या त्रैमासिकात बसून कवितेची चर्चा करणं या पिढीला पुरेनासं झालं. अडिगांविषयीचा आदर मात्र गेला नाही. १९७४ साली ‘वर्धमान’ संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९२ साली ते वारले तेव्हा त्यांच्याशी भांडलेल्यांनीही त्यांना गुरू म्हणूनच निरोप दिला.

१९८० साली लंकेश यांनी प्राध्यापकी सोडून साप्ताहिक काढलं. वय पंचेचाळीस, घरात तीन मुलं. निर्णय असा की जाहिरात घ्यायची नाही. या निर्णयाचं वजन छापखान्यातल्या माणसाला लगेच कळतं. नियतकालिकाचा कागद, शाई, जुळणी, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन हा सगळा खर्च सहसा अंकाच्या किमतीतून निघत नाही. तो जाहिरातदार उचलतो. जाहिरात नाही म्हणजे सगळा भार वाचकाच्या खिशावर. न विकलेले अंक परत आले की तो तोटा सरळ संपादकाच्या घरात शिरतो. रद्दीच्या भावाने गेलेल्या गठ्ठ्यांनी चांगली चांगली पत्रं बुडालेली मी बेळगावातही पाहिली आहेत. शिवाय जाहिरात नसली की पानावरची रिकामी जागा भरायचं नेहमीचं साधनही जातं. ती जागा कवीलाच भरावी लागते. नीलू अशी जन्मली : पानाच्या गरजेतून.

साल १९८० होतं हेही महत्त्वाचं. जानेवारीत आर. गुंडुराव मुख्यमंत्री झाले होते. जुलैत नरगुंद आणि नवलगुंदला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. मलप्रभा कालव्याच्या पाण्यावर बसवलेली पट्टी हे त्या उठावाचं मूळ. बेळगाव तिथून लांब नाही. मलप्रभा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते. त्या महिन्यात आमच्या छापखान्यात शेतकऱ्यांच्या सभांची पत्रकं दिवसरात्र छापली जात होती, ते मला चांगलं आठवतं. या उठावातून कर्नाटकात रयत संघ उभा राहिला. गावोगावचा शिकलेला शेतकरी, शाळामास्तर, तालुक्याचा वकील, दलित वसतिगृहातला विद्यार्थी असा एक नवा वाचक तयार होता आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं पत्र नव्हतं. लंकेश ते बोलले. राजधानीतल्या अधिकाऱ्यांची संस्कृतप्रचुर कन्नड त्यांनी टाकून दिली. मंत्र्याविषयी गावच्या कट्ट्यावर बोलावं तसं लिहिलं. बातमीदार जिल्ह्याजिल्ह्यातले घेतले, बहुतेक नवखे. १९८३ च्या जानेवारीत विधानसभा निवडणूक झाली, काँग्रेस कर्नाटकात पहिल्यांदा सत्तेवरून गेली, गुंडुराव स्वतः पडले आणि रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले. या पराभवाची कारणं पुष्कळ, पण त्यांत ‘लंकेश पत्रिके’चं नाव न घेणारा माणूस मला बंगळूरमध्ये भेटला नाही.

त्या पत्रात खोट नव्हती असं नाही. त्याची टीका पुष्कळदा व्यक्तीच्या अंगावर जाई, नावांची चेष्टा करी, आणि एकदा एखाद्याविषयी मत झालं की त्या माणसाला दुसरी बाजू मांडायला जागा कमी मिळे. त्याचं यश पाहून नंतर तशाच आकाराची, तशाच मथळ्यांची कितीतरी साप्ताहिकं निघाली. त्यांनी चेष्टा उचलली, पण अभ्यास उचलला नाही. या नकलांचा काही दोष मूळ पत्राकडे जातोच. तरी मूळ पत्र आणि नकला एका टेबलावर ठेवा, फरक लगेच दिसतो. नकलांमध्ये रकान्याच्या तळाशी चित्रपटनटीचा फोटो असतो. लंकेश यांच्या पानावर बोदलेअर, टॉलस्टॉय, बसवण्णा यांच्याविषयी कुणीतरी साध्या कन्नडमध्ये सांगत असतो. ‘टीके-टिप्पणी’ या सदरात ते स्वतः लिहीत. एखाद्या पुढाऱ्यापासून सुरुवात होई. पुढे एखादी कादंबरी, एखाद्या मित्राचा मृत्यू, गावाकडचा पाऊस, असं कुठेही ते जाई. ही टिपणं पुढे ग्रंथरूपाने आली आणि त्यांचे खंड आजही गांधी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात मिळतात. राजकारणाच्या ज्या बातम्यांसाठी अंक विकला गेला, त्या आता शिळ्या झाल्या. टिपणं आणि नीलू शिळी झाली नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बातमीशेजारी कविता, कथा, आत्मकथन बसवल्याचा परिणाम वाचकावर काय होतो? ज्याच्या हाती कधी साहित्याचं मासिक पडलं नाही, त्याला कळतं की लेखन हे आपल्याच रस्त्यावरच्या, आपल्याच घरातल्या गोष्टींचं असतं. मग तो स्वतः लिहायला बसतो. आणि ‘तो’पेक्षाही ‘ती’.

सारा अबूबकर कासरगोडच्या. मुस्लिम घरातल्या, लग्न होऊन संसारात पडलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या. मंगळूरकडच्या त्या पट्ट्यातल्या मुस्लिम बाईचं आयुष्य तिच्याच हाताने कन्नडमध्ये आलेलं नव्हतं. त्यांनी लंकेश यांच्या पत्रात लिहायला सुरुवात केली, आणि १९८१ साली त्यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही कादंबरी तिथे क्रमशः छापली गेली. बापाच्या हट्टापायी मोडलेला संसार, तलाक, आणि पुन्हा नवऱ्याकडे परतायचं तर बाईला कुठल्या अटीतून जावं लागतं याची ती गोष्ट. राजकारणी साप्ताहिकात, भ्रष्टाचाराच्या बातम्यांच्या सोबतीला ही कादंबरी आठवड्याआठवड्याला येत गेली. साहित्याच्या त्रैमासिकात ती आली असती तर काही शे लोकांनी वाचली असती. इथे ती चहाच्या टपरीवर, बस-स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात वाचली गेली.

दुसऱ्या बानू मुश्ताक, हासनच्या. १९८० च्या दशकात त्या ‘लंकेश पत्रिके’साठी बातमीदारी करत. पुढे वकिली केली, चळवळीत राहिल्या, आणि कथा लिहीत गेल्या. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या कथांच्या ‘हार्ट लँप’ या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. अनुवाद दीपा भास्ती यांचा. कन्नडला हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. ती बातमी आली त्या दिवशी सगळ्या वाहिन्या लंडनचं व्यासपीठ दाखवत होत्या. मला मात्र त्या कथांमधली नजर ओळखीची वाटली. कोर्टाच्या पायरीवर, मशिदीच्या दारात, माहेरच्या अंगणात उभी असलेली बाई नेमकं काय बोलते ते ऐकायचं आणि तेवढंच लिहायचं, ही बातमीदाराची सवय त्यांच्या कथेत जागोजागी आहे. बातमी आणि कथा यांच्यामध्ये भिंत न घालणाऱ्या संपादकाच्या पत्रात त्या घडल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

कवीने नियतकालिक काढून सत्तेपासून अंतर राखायचं, ही गोष्ट त्या काळात दूरच्या मेक्सिकोतही घडत होती, आणि तिचा धागा दिल्लीला लागलेला आहे. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरात, ऑलिंपिकच्या तोंडावर, त्यांच्याच सरकारने आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. पाझ यांनी दिल्लीतलं पद सोडलं. मायदेशी परतल्यावर १९७१ पासून ‘एक्सेल्सिओर’ या दैनिकाच्या आश्रयाने त्यांनी ‘प्लुराल’ मासिक चालवलं. १९७६ साली सरकारच्या दबावाने त्या दैनिकाचे संपादक हटवले गेले, तेव्हा पाझ आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘व्हुएल्ता’ काढलं. भांडवल उभं करायला चित्रकार रुफिनो तामायो यांनी आपलं एक चित्र सोडतीसाठी दिलं. पाझ यांना १९९० साली नोबेल मिळालं, आणि ‘व्हुएल्ता’ त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९९८ पर्यंत, चाललं. पाझ जगभरच्या विचारवंतांशी बोलत होते, लंकेश दावणगेरे-हासनच्या मास्तरांशी. पण दोघांनी एकच गोष्ट ओळखली होती : कवीचं स्वातंत्र्य त्याच्या कवितेत जेवढं ठरतं, तेवढंच तो कुणाच्या पैशावर छापतो यातही ठरतं.

लंकेश यांना १९९३ साली ‘कल्लु करगुव समय’ या कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘गुणमुख’ हे नादिरशहावरचं नाटक त्याच काळातलं. ‘हुळिमाविन मर’ हे आत्मचरित्र त्यानंतरचं. दर आठवड्याचा अंक सांभाळत त्यांनी हे सगळं लिहिलं. २५ जानेवारी २००० रोजी ते वारले. इंग्रजी पत्रकारितेत स्थिरावलेली त्यांची मुलगी गौरी हिने कन्नडमध्ये परतून पत्राची धुरा घेतली. २००५ पासून तिने स्वतःच्या नावाचं वेगळं साप्ताहिक चालवलं, तेही जाहिरातीविना. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळूरच्या राजराजेश्वरीनगरात तिच्या घराच्या दारात तिला गोळ्या घालून मारलं. दाभोलकर, पानसरे आणि धारवाडच्या कलबुर्गी यांच्या खुनांच्या मागोमाग हे नाव आलं, त्यामुळे महाराष्ट्रात गौरी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या बापाची कविता मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. हे अंतर मला सलतं.

ते सलतं कारण या गोष्टीत आपल्या कामाचं पुष्कळ आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, ‘लंकेश पत्रिके’ जोम धरत होतं त्याच काळात. आपल्याकडे साहित्य दिवाळी अंकात गेलं, कविता रविवारच्या पुरवणीत गेली, आणि साप्ताहिकं-दैनिकं बातमीची राहिली. अपवाद होते आणि आहेत, पण रीत ही पडली. कवितेचा वाचक आणि बातमीचा वाचक अशी दोन माणसं आपण करून टाकली. वास्तविक वाचक एकच होता. कर्नाटकात एका कवीने ती फारकत होऊ दिली नाही, आणि वीस वर्षं स्वतःच्या खिशाचा धोका पत्करून ते करून दाखवलं. गुंडप्पांनी चार ओळींत तत्त्वज्ञान सांगितलं, मास्तींनी नोकरी सोडल्यावर दोन दशकं मासिक सांभाळलं, अडिगांनी ‘साक्षी’त नव्या कवीला पहिलं पान दिलं. लंकेश यांनी या तिघांचं घेतलं आणि ते बस-स्टँडवर नेलं.

संपादक किती मोठा हे ठरवताना आपण त्याचे अग्रलेख मोजतो, त्याने पाडलेली सरकारं मोजतो. मी छापखान्यातला माणूस, मला दुसरं मोजमाप पटतं. त्याच्या पत्रात ज्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं, त्या माणसाने पुढे काय लिहिलं? अडिगांना या मोजमापाने मोजा, लंकेश यांना मोजा. आणि आज मराठीत जो कुणी कवी एखादं साप्ताहिक, एखादं पोर्टल, एखादं चार पानी पत्रक चालवत असेल, त्याने मोठ्या नावांची वाट पाहू नये. गडहिंग्लजच्या अंगणवाडीतल्या बाईला, किनवटच्या वसतिगृहातल्या पोराला लिहायला सांगावं, त्यांचा मजकूर नीट तपासावा, आणि पहिल्या पानावरच्या बातमीशेजारी तो छापावा.